आधी मोजणी, मग मच्छरदाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आफ्रिकेच्या नकाशावर गांबिया हा देश चटकन सापडत नाही. पश्चिम किनाऱ्यावर, गांबिया नदीच्या दोन्ही काठांनी आत शिरलेली ही एक अरुंद पट्टी. तिन्ही बाजूंना सेनेगल आणि चौथ्या बाजूला अटलांटिक महासागर. क्षेत्रफळ आपल्या गडचिरोली जिल्ह्यापेक्षाही कमी. भुईमूग हे तिथलं मुख्य नगदी पीक, आणि नदीकाठच्या पाणथळ जमिनीत भात होतो तो मुख्यतः बायकांच्या कष्टावर. पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबरात संपतो. म्हणजे ऋतुमान आपल्या ओळखीचंच. या छोट्याशा देशातल्या खेड्यांमधून जगाला एक मोठं ज्ञान मिळालं.

कीटकनाशकात बुडवलेल्या मच्छरदाणीत निजणारी मुलं मरणापासून वाचतात, हे ते ज्ञान. ऐकायला किती साधं! यात संशोधन ते काय, असंही कुणाला वाटेल. मच्छरदाणी तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण १९८० साली एखाद्या गरीब देशाच्या आरोग्यमंत्र्यानं विचारलं असतं, की माझ्याकडे पैसा थोडा आहे. तो गोळ्यांवर घालू, फवारणीवर घालू की मच्छरदाण्यांवर, आणि घातला तर किती मुलं वाचतील, तर त्याला आकड्यांनिशी उत्तर देऊ शकेल असं कुणी नव्हतं. ते उत्तर शोधण्यात ज्यांच्या आयुष्याची तीस वर्षं आफ्रिकेत गेली, त्या डॉ. ब्रायन ग्रीनवूड यांच्या कामाचा हा इतिहास आहे.

हिवतापाचं कोडं सुटलं ते आपल्याच देशात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी डासाच्या चाव्यातून हा रोग कसा पसरतो ते सिद्ध केलं. त्यानंतर अर्ध्या शतकानं डीडीटी आलं आणि १९५५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं हिवतापाच्या उच्चाटनाची मोहीम जाहीर केली. भारतात तिचा मोठा परिणाम दिसला. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या वर्षाला एक लाखापर्यंत खाली आली होती. पुढे ढिलाई झाली आणि १९७६ साली हाच आकडा चौसष्ट लाखांवर गेला, हा आपल्याला ठाऊक असलेला इतिहास. पण सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा आफ्रिका खंड, जिथे हा रोग सर्वांत जास्त मुलं मारत होता, तो या मोहिमेतून जवळजवळ वगळलाच गेला होता. तिथे डास फार, रोगाचा प्रसार फार, रस्ते आणि दवाखाने कमी; तेव्हा तिथलं नंतर पाहू, असा एकंदर विचार होता. १९६९ साली ती जागतिक मोहीमच आवरती घेण्यात आली.

गांबियात मात्र एक काम आधीपासून सुरू होतं. तेव्हा हा देश ब्रिटिशांची वसाहत होता. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं १९४७ साली किनाऱ्यालगत फजारा इथे आपलं केंद्र उघडलं. १९४९ साली डॉ. इयान मॅकग्रेगर तिथे आले. आतल्या भागात केनेबा नावाचं एक खेडं आहे. मॅकग्रेगर यांनी त्या गावातल्या माणसांची नोंद करायला सुरुवात केली. मुलांचं वजन करायचं, पोट चाचपून पानथरी वाढली आहे का ते पाहायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, आणि कोण जन्मलं, कोण गेलं ते लिहून ठेवायचं. हे वर्षानुवर्षं चाललं. त्यातून जे दिसलं ते भयंकर होतं. त्या काळात तिथे जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुलं पाच वर्षांची होण्याआधीच दगावत होती.

त्याच नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसत होती. तान्ह्या मुलाला हिवताप झाला तर ते मरू शकतं, पण गावातली मोठी माणसं मात्र रक्तात जंतू घेऊनही शेतात राबत होती. म्हणजे वारंवार चावे खाऊन, वारंवार ताप सोसून शरीरात काहीतरी प्रतिकारशक्ती तयार होत होती. ती कशात असते? मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांबियातल्या प्रौढ माणसांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन हा प्रथिनांचा भाग वेगळा काढला आणि हिवतापानं आजारी असलेल्या लहान मुलांना टोचला. काही दिवसांतच मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्यानं कमी झाले. १९६१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. संरक्षण रक्तातल्या प्रतिपिंडांत असतं, आणि ते एका माणसाकडून दुसऱ्याला देता येतं, हे त्यातून कळलं. हिवतापावर लस होऊ शकते या आशेला पहिला भक्कम आधार मिळाला तो इथे.

ब्रायन ग्रीनवूड यांचा जन्म १९३८ सालचा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा. केंब्रिजमध्ये आणि लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये शिकून ते डॉक्टर झाले आणि १९६५ साली नायजेरियातल्या इबादान इथल्या रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्या एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. शरीराची प्रतिकारशक्ती उलटून स्वतःच्याच सांध्यांवर किंवा अवयवांवर हल्ला करते असे काही आजार असतात. युरोपात ते बऱ्यापैकी दिसत. इबादानच्या वॉर्डांत मात्र फारच क्वचित. लहानपणापासून अंगात मुरलेल्या हिवतापासारख्या रोगांमुळे प्रतिकारशक्तीची घडणच वेगळी होत असावी, असा तर्क त्यांनी १९६८ साली मांडला. १९७० मध्ये ते उत्तर नायजेरियातल्या झारिया इथे नवं वैद्यकीय महाविद्यालय उभं करायला गेले, आणि १९८० साली गांबियातल्या त्या केंद्राचे संचालक झाले. पुढची पंधरा वर्षं ते तिथेच राहिले.

संचालक म्हणून त्यांच्या हाती सुसज्ज प्रयोगशाळा होती. प्रतिकारशक्तीच्या बारकाव्यांवर काम करत तिथेच बसता आलं असतं. पण त्यांनी आधी एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारला. इथली मुलं नेमकी कशानं मरतात?

रुग्णालयाच्या दप्तरात याचं उत्तर नव्हतं. कारण रुग्णालयापर्यंत पोचलेलं मूलच त्या दप्तरात शिरतं. नदीच्या उत्तर काठावर फाराफेनी नावाचं गाव आहे. त्याच्या परिसरातली खेडी ग्रीनवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला निवडली. घरोघर जाऊन माणसांची यादी केली. जन्म आणि मृत्यू कळवण्याची व्यवस्था गावातच लावली. मूल दगावल्याचं कळलं की काही काळ जाऊ देऊन कार्यकर्ता त्या घरी जाई आणि आईबापांना शांतपणे विचारी. ताप किती दिवस होता? झटके आले का? धाप लागली होती का? जुलाब होत होते का? गोवर येऊन गेला होता का? मग त्या उत्तरांवरून डॉक्टर मृत्यूचं बहुधा कारण काय असावं ते ठरवत. ही पद्धत अचूक नाही. हिवताप आणि न्यूमोनिया यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात, आणि दुःखात बुडालेल्या माणसाची आठवणही डळमळीत असते. पण जिथे मृत्यूचा दाखलाच नाही, तिथे दुसरा मार्गही नव्हता.

१९८७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या भागात दर हजार जन्मांमागे १४२ बाळं वर्षाच्या आत जात होती. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये चारातला एक मृत्यू हिवतापाचा होता. हे मृत्यू जवळजवळ सगळे पावसाळ्याच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांत एकवटलेले होते. आजार फार झपाट्यानं वाढे, आणि बहुतेक मुलं घरीच गेली होती. विशेष म्हणजे या भागात लसीकरण चांगलं झालेलं होतं. म्हणजे लसी टोचूनही हा रोग मुलं नेतच होता, कारण त्याच्यावर लसच नव्हती.

या आकड्यांतून एक व्यवहारी गोष्ट स्पष्ट झाली. मूल जर घरीच आणि इतक्या लवकर दगावत असेल, तर दूरच्या दवाखान्यात कितीही चांगलं औषध ठेवून फारसा उपयोग नाही. जे करायचं ते गावात, आणि शक्य तर आजार होण्याआधीच करायला हवं. आणि धोक्याचे महिने जर मोजकेच असतील, तर संरक्षणही त्या मोजक्या महिन्यांपुरतं देता येईल.

मुलांच्या बरोबरीनं आयांचीही मोजणी झाली. ॲलिस ग्रीनवूड यांनी ब्रायन ग्रीनवूड आणि इतर सहकाऱ्यांसह याच ग्रामीण भागातल्या ६७२ गर्भवतींवर वर्षभर लक्ष ठेवलं. त्यांच्यापैकी १५ जणी दगावल्या. साधारण पंचेचाळीस गर्भवतींमागे एक मृत्यू. आपण मातामृत्यू दर लाख जन्मांमागे मोजतो. त्या हिशेबानं हा दर बावीसशेच्या घरात जातो. भारताचा हाच दर २०१८ ते २०२० या काळात ९७ होता. या तुलनेवरून फाराफेनीच्या बाईसाठी गरोदरपण म्हणजे काय होतं याची कल्पना येईल. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अडलेलं बाळंतपण ही कारणं जगात सगळीकडे असतात. हिवताप त्यांत आपली भर घालतो. तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि आईला रक्तक्षय करतो. रक्त आधीच पातळ झालेल्या बाईला बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही सोसत नाही.

इथे एक कोडं होतं. मोठ्या माणसांना हिवताप सहसा मारत नाही, हे तर मॅकग्रेगर यांनी दाखवलं होतं. मग तरुण, धडधाकट बाई गरोदर राहताच पुन्हा त्याच्या तावडीत कशी सापडते? मॅकग्रेगर यांनीच गांबियातल्या हजारो बाळंतपणांनंतरच्या वारा तपासल्या होत्या. १९८३ साली त्यांनी जे मांडलं ते असं की अनेक वारांमध्ये हिवतापाचे जंतू दडलेले असतात, त्यामुळे बाळ कमी वजनाचं जन्मतं, आणि याचा सर्वांत जास्त फटका पहिलटकरणीला बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो कमी होत जातो. याचं कारण कळायला १९९६ साल उजाडलं. मिखाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी या संशोधकांनी केनियात दाखवून दिलं, की वारेत सापडणारे जंतू वेगळ्या प्रकारचे असतात. वारेतल्या एका विशिष्ट रसायनाला ते चिकटून बसतात. बाईच्या शरीरानं आयुष्यभर इतर जंतूंशी लढत प्रतिपिंडं कमावलेली असतात, पण हा जंतू तिला पहिल्यांदा भेटतो तो पहिल्या गरोदरपणात, कारण त्याआधी शरीरात वारच नसते. पुढच्या खेपेला तिच्याकडे त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार असतात.

हे कारण कळण्याआधीच ग्रीनवूड यांच्या गटानं उपाय करून पाहिला होता, आणि तो गावातल्या सुइणींच्या हातून. थोडं प्रशिक्षण देऊन सुइणींकडे मॅलोप्रिम नावाच्या प्रतिबंधक गोळ्या सोपवण्यात आल्या. गरोदर बायकांना त्यांनी त्या ठराविक दिवसांनी द्यायच्या. लिहितावाचता न येणाऱ्या बायका हे काम करतील का, अशी शंका घेणारे होतेच. सुइणींनी ते नीट केलं. गोळ्या घेतलेल्या बायकांचं रक्त सुधारलं, आणि बाळाच्या वजनातला फरक पहिलटकरणींमध्ये विशेष दिसला. १९८९ साली हे प्रसिद्ध झालं.

मुलांच्या बाबतीत त्यांनी दोन मार्ग एकमेकांसमोर ठेवून पाहिले. काही गावांत आरोग्य सेवकाकडे क्लोरोक्विन दिलं; ताप आला की मुलाला द्यायचं. दुसऱ्या गावांत त्याच्या जोडीला पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी मॅलोप्रिमची प्रतिबंधक गोळी. १९८८ साली निकाल हाती आला. नुसत्या उपचारानं बालमृत्यूंत लक्षणीय फरक पडला नव्हता. प्रतिबंधक गोळीनं मात्र तापाचे हल्लेही कमी झाले आणि मृत्यूही.

आता एक गंभीर आक्षेप पुढे आला. वारंवार ताप सोसूनच जर प्रतिकारशक्ती येत असेल, तर आपण मुलाला पाच वर्षं वाचवून त्याची ती कमाईच हिरावून घेत नाही ना? संरक्षण काढताच तो ताप व्याजासकट वसुली करणार नाही ना? हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. कारण तसं असेल तर मृत्यू टळला नाही, फक्त पुढे ढकलला गेला. ग्रीनवूड यांच्या गटानं गोळ्या बंद झालेल्या मुलांचा माग ठेवला. १९९५ साली त्यांनी सांगितलं, की गोळी थांबल्यावर तापाचे हल्ले वाढले हे खरं, पण मृत्यूंत तशी लक्षणीय वाढ दिसली नाही. मच्छरदाण्यांबद्दलही पुढे हीच शंका घेतली गेली. घाना आणि बुर्किना फासो इथल्या मुलांवर अनेक वर्षं लक्ष ठेवल्यावर, वाचलेली मुलं वाचलेलीच राहतात असं दिसलं.

आणि आता मच्छरदाणीकडे येऊ. गांबियात ती बाहेरून आणावी लागली नाही. मानववंशशास्त्रज्ञ कॅरोल मॅककॉर्मॅक यांनी १९८०च्या दशकात गावोगाव लोकांना त्याबद्दल विचारलं. तिथे अनेक घरांत मच्छरदाणी होतीच, आणि ती पुष्कळदा जाळीची नसून पांढऱ्या, जाड सुती कापडाची असे. डासांची गुणगुण टळते हे कारण होतंच. शिवाय माणसांनी भरलेल्या घरात तिच्यामुळे थोडा आडोसा मिळतो. आता साधी मच्छरदाणी हिवताप थांबवते का? ग्रीनवूड यांचे सहकारी रॉबर्ट स्नो यांनी काही कुटुंबांना साध्या मच्छरदाण्या देऊन पाहिलं, पण मुलांच्या तापात फरक पडला नाही. याची कारणं घरात मच्छरदाणी वापरणाऱ्या कुणालाही सांगता येतील. एखादं भोक राहतं, कड नीट खोचलेली नसते, झोपेत मुलाचा हात कापडाला टेकतो आणि डास बाहेरूनच चावतो.

मग ती परमेथ्रिनच्या द्रावणात बुडवून पाहिली. शेवंतीच्या जातकुळीतल्या एका फुलापासून पायरेथ्रम नावाचं जुनं कीटकनाशक मिळतं. परमेथ्रिन हे त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन. डासांना ते घातक, आणि या प्रमाणात माणसाला सुरक्षित. कापडावर बसलेला डास मरतो किंवा पळून जातो. भोक असलं तरी ती उपयोगी पडते. छोट्या चाचण्यांत मुलांचा ताप कमी झाला. पण ताप कमी होणं वेगळं आणि मृत्यू कमी होणं वेगळं. ते सिद्ध करायला मोठी चाचणी हवी होती.

ती नदीच्या दक्षिण काठावर झाली. स्पेनचे डॉ. पेद्रो आलोन्सो, कीटकशास्त्रज्ञ स्टीव्हन लिंडसे आणि ग्रीनवूड यांनी आधी त्या भागातले बालमृत्यू मोजून घेतले. मग १९८९च्या पावसाळ्यात काही गावांतल्या मच्छरदाण्या औषधात बुडवण्यात आल्या, शेजारची गावं तुलनेसाठी ठेवली. मच्छरदाण्या बहुतांश लोकांच्या स्वतःच्याच, बुडवणारेही गावकरीच. १९९१च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. औषध लावलेल्या गावांत एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू ६३ टक्क्यांनी घटले होते.

हा आकडा पाहून शंका येणं साहजिक होतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं आणखी मोठ्या चाचण्या झाल्या. केनियात घट ३३ टक्के आली, घानात १७, बुर्किना फासोत १५. पहिल्या चाचणीइतकं यश कुठेच मिळालं नाही, पण प्रत्येक ठिकाणी मुलं वाचली. गांबिया सरकारनं तर १९९२ साली राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू केला. उम्बेर्तो द’आलेस्सांद्रो यांनी त्याचं मूल्यमापन केलं, तेव्हा एक ते नऊ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत सुमारे एक-चतुर्थांश घट दिसली. प्रयोगातलं यश सरकारी यंत्रणेतही टिकतं, हे त्यातून सिद्ध झालं.

आणि इथेच या इतिहासातला सगळ्यांत बोचरा प्रसंग घडला. पहिल्या वर्षी कीटकनाशक फुकट होतं. दुसऱ्या वर्षी त्याला थोडी किंमत लावण्यात आली. फुकटाची किंमत नसते, पैसे मोजले की लोक वस्तू सांभाळतात, कार्यक्रम स्वतःच्या पायावर उभा राहतो, असा त्यामागचा विचार. तो त्या काळात जगभर बोलला जात होता. प्रत्यक्षात काय झालं? आदल्या वर्षी दहातल्या आठ मच्छरदाण्या बुडवल्या गेल्या होत्या. पैसे लावताच हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्याही आत आलं. मच्छरदाणी घरात होती, औषध गावात होतं, पण पावसाळा हा घरातलं धान्य संपण्याचा काळ. हातात पैसा नाही तेव्हाच डास येतो. औषधासाठी ते थोडे पैसे काढणं बहुतेक घरांना जमलं नाही.

हा वाद पुढे पंधरा वर्षं चालला. केनियात एका प्रयोगात दवाखान्यात येणाऱ्या गर्भवतींना मच्छरदाणी काही ठिकाणी फुकट, तर काही ठिकाणी अगदी नाममात्र किमतीला देण्यात आली. किंमत लावताच घेणाऱ्या बायकांचं प्रमाण साठ टक्क्यांनी खाली आलं. आणि फुकट घेतलेल्या बायका ती तितकीच वापरत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली, मच्छरदाण्या फुकट किंवा भरघोस सवलतीत सर्वांना द्याव्यात, अशी स्पष्ट भूमिका घेतली. त्यानंतर आफ्रिकेत त्या कोट्यवधींनी वाटल्या गेल्या. २००० ते २०१५ या काळात तिथे हिवतापाचे सुमारे ६६ कोटी ३० लाख रुग्ण टळले आणि त्यातला दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा औषधी मच्छरदाण्यांचा होता, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला.

पावसाळ्यापुरती गोळी देण्याची कल्पनाही वाया गेली नाही. सेनेगलमध्ये आणि इतरत्र तिच्या नव्या चाचण्या झाल्या, औषधं बदलली, आणि २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं साहेल पट्ट्यातल्या लहान मुलांसाठी तिची शिफारस केली. ग्रीनवूड १९९६ साली लंडनला परतले होते, पण हा धागा त्यांनी सोडला नाही. बुर्किना फासो आणि माली इथे सुमारे सहा हजार मुलांवर एक चाचणी झाली. आरटीएस,एस ही हिवतापाची पहिली लस दर पावसाळ्याआधी द्यायची आणि गोळ्याही चालू ठेवायच्या. नुसत्या गोळ्यांच्या तुलनेत दोन्ही मिळून तापाचे रुग्ण सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले, मृत्यू त्याहूनही कमी. हा निकाल २०२१ सालचा, आणि त्यात ग्रीनवूड यांचं नाव आहे. त्यांना २००८ साली जपान सरकारचा पहिला हिदेयो नोगुची आफ्रिका पुरस्कार मिळाला. केनियात गावपातळीवरच्या आरोग्य सेवेचं काम करणाऱ्या डॉ. मिरियम वेरे या त्याच पुरस्काराच्या दुसऱ्या मानकरी होत्या. ज्या नोगुचींच्या नावाचा हा पुरस्कार आहे, ते १९२८ साली पीतज्वराचं संशोधन करताना त्याच रोगानं आफ्रिकेत वारले होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आर२१ या दुसऱ्या लसीची शिफारस झाली. ती ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झाली आणि बनते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये मुलांना ती देण्यास सुरुवात झाली. सिकंदराबादेत डासाच्या जठरात दिसलेल्या जंतूवरची लस सव्वाशे वर्षांनी पुण्याहून आफ्रिकेला जाते आहे.

तरी काम संपलेलं नाही. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापानं सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यांतली बहुसंख्य आफ्रिकेतली, आणि तिथल्या मृतांत दर चारांपैकी तिघं पाच वर्षांखालची मुलं. परमेथ्रिनच्या जातीच्या औषधांना डास अनेक ठिकाणी दाद देईनासे झाले आहेत, म्हणून मच्छरदाण्यांवर आता दुसरी औषधंही जोडीनं लावावी लागतात. मुलांसाठी दोन लसी झाल्या, पण पहिलटकरणीला वारेतल्या त्या जंतूपासून वाचवणारी लस अजून संशोधनाच्याच टप्प्यात आहे. तोवर तिला आधार आहे तो दवाखान्यातल्या गोळ्यांचा आणि घरातल्या मच्छरदाणीचा. गांबियातलं ते केंद्र २०१८ पासून लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनकडे आहे. गोळी, मच्छरदाणी आणि लस या तिन्हींच्या मागे पावसाळ्यात कुठल्या घरातलं कोणतं मूल गेलं, कोणती बाई गेली, हे दारोदार जाऊन विचारणारी आणि लिहून ठेवणारी माणसं होती. डास औषधाला दाद देतो की नाही, नवी लस किती पावसाळे पुरते, हेही शेवटी तशीच वही घेऊन कुणीतरी दारात जाईल तेव्हाच कळणार आहे.